टँकरच्या पाठीवरची तारीख

लग्न होऊन मी रणात, ह्या खाऱ्या वाळवंटात आले, त्या वर्षी पिण्याच्या पाण्याचा टँकर जुसबभाई चालवायचे. खाराघोड्याहून रोज सकाळी निघायचे, रोज वेगळ्या दिशेला. आमच्या मिठागरावर त्यांची फेरी दर तिसऱ्या दिवशी. रणात झाड नाही की टेकाड नाही, त्यामुळे टँकर पोचायच्या अर्धा तास आधीच धुळीचा ठिपका दिसायला लागायचा. तो दिसला की मी हंडे, कॅन आणि निळं पिंप ओळीत मांडून ठेवायची.

पहिल्या खेपेला त्यांनी टँकर वळवून उलटा लावला आणि मी हंडा हातात धरून तशीच उभी राहिले. टँकरची पाठ काळ्या रंगाने रंगवलेली होती, शाळेच्या फळ्यासारखी. त्यावर खडूने लिहिलं होतं: 'आज २१ नोव्हेंबर. १७८३ साली याच दिवशी पॅरिस शहरात दोन माणसं गरम हवेच्या फुग्याखाली बसून आकाशात उडाली.' आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात: 'आज कुणाची तरी स्तुती करा. स्वतःची चालणार नाही.'

"काय खरडलंय आज?" खाटेवरून माझे सासरे, घुघाबापा, ओरडले. त्यांना वाचता येत नव्हतं. माझा नवरा रवजी मिठाच्या वाफ्यात होता. मी सातवी शिकलेली, पण नव्या नवरीने सासऱ्यासमोर तोंड उघडायची आमच्यात रीत नाही. जुसबभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "वाच ना बेन. बापा काही खात नाहीत."

मी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि वाचलं. सासऱ्यांच्या कानावर पडलेलं माझं पहिलं वाक्य ते. फुग्याचं.

बापांनी खाटेवरून मान उंचावली. मग म्हणाले, "उतरले का रे खाली?"

"उतरले की. धडधाकट उतरले."

"मग ठीक. जुसबा, तू पाणी आण बाबा. फुग्यातली माणसं आणून आम्ही काय प्यायची?"

"पाणी पिताना काही तरी बोलायला नको का, बापा?"

हे असंच चालायचं. दर तिसऱ्या दिवशी मी वाचायची, बापा टोमणा मारायचे, जुसबभाई बशीतून चहा पीत हसायचे. मार्चमध्ये एकदा लिहिलं होतं की १८७६ साली याच दिवशी टेलिफोनवर पहिलं वाक्य बोललं गेलं. साहेबाने शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलावलं होतं.

"शेजारच्या खोलीत?" बापांनी खात्री करून घेतली. "मग हाक मारायची ना! एवढी तार कशाला ओढली?" आणि पुढचे दोन दिवस, रवजी वीस पावलांवर असला तरी, बापा मुठी कानाला लावून त्याला बोलवायचे. "हॅलो, रवजी, चहा झालाय."

जुसबभाईंनी ह्या तारखा कुठून कुठून जमवल्या होत्या ते मी एकदा विचारलं. केबिनमधला रेडिओ, रोज पान फाडायच्या कॅलेंडरची जुनी पानं, खाराघोड्याच्या मास्तरांची पुस्तकं. सगळं एका जाड वहीत, दिवसाला एक पान. आदल्या संध्याकाळी मास्तरांकडे जाऊन ते खरंखोटं करून घ्यायचे, मगच सकाळी खडू उचलायचे. "चुकीचं लिहिलं तर पोरं चुकीचं शिकतील," म्हणायचे. "रणातल्या पोरांना दुसरा फळा दिसतो कुठे?"

आणि फळ्याचं वेड कुठून लागलं, तेही त्यांनी सांगितलं. लहानपणी शाळेत रोज एक मुलगा फळ्यावर सुविचार लिहायचा. हजेरीच्या क्रमाने पाळी यायची. जुसबभाईंची पाळी सोमवारी होती आणि शनिवारी वडिलांनी शाळेतून नाव काढून त्यांना मिठागरावर आणलं. "चौतीस वर्षं झाली," ते म्हणाले, "पण काय लिहिणार होतो ते अजून आठवतंय." काय होतं ते मात्र सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एप्रिलच्या सहा तारखेला त्यांनी फळा खास सजवला होता. कडेने पिवळ्या खडूची वेल. '१९३० साली आजच्या दिवशी दांडीच्या किनाऱ्यावर गांधीबापूंनी मूठभर मीठ उचललं आणि कायदा मोडला.' जुसबभाईंना वाटलं होतं, मिठाचीच गोष्ट, आज तरी बापा खूश होतील.

समोर आमच्या मिठाचा ढीग होता, माणसाहून उंच, डोळे दिपवणारा. त्याच्याकडे बघत बापा म्हणाले, "बापूंनी मूठभर उचललं त्याची तारीख आहे. बरोबर आहे, असायलाच पाहिजे. पण माझ्या आजाने उचललं, बापाने उचललं, मी पन्नास वर्षं उचलतोय. आमची कुठली तारीख रे, जुसबा? तुझ्या वहीत आमचं एक तरी पान आहे?"

टोमणा नव्हता तो. जुसबभाईंच्या बशीतला चहा निवून गेला. जाताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बापा, तुमचा जन्म कधीचा?"

"मला काय माहीत? कागदावर एक जून आहे. इथे सगळ्यांचाच एक जून आहे."

पुढच्या हंगामात जुसबभाई प्रत्येक मिठागरावर विचारायला लागले. तुमच्याकडे चांगलं काय घडलं? कधी घडलं? लोक हसायचे. आमच्याकडे काय घडणार, मीठ घडतं. कुणाला तारीख आठवायची नाही. आठवायचं ते असं की लेकीचा जन्म झाला तेव्हा घुडखरांचा, रानगाढवांचा, कळप झोपडीपर्यंत आला होता, किंवा सौर पंप बसला त्या दिवशी गूळ वाटला होता. वहीत नवी पानं भरेनात. बापा मात्र परत आपल्या मूळ पदावर आले होते. "काय जुसबा, सापडला का आमचा इतिहास? खणून बघ, खारं पाणी लागेल."

मग ते मावठं आलं.

फाल्गुन महिना. पाच महिने आम्ही वाफ्यांत लाकडी दात्यांचं दाताळं ओढलं होतं; रोज ओढावं लागतं, नाहीतर मिठाचा खडा धरत नाही. खडे बोराएवढे झाले होते, आठवड्याभरात काढायला घेणार होतो. दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं आणि तासाभरात पावसाने सगळं सपाट केलं. मी पाच महिने बघितलेलं पांढरं रान माझ्या डोळ्यांसमोर विरघळलं. वाफ्यांचे बांध फुटले. आवाजसुद्धा झाला नाही फारसा. ताडपत्रीत गोडं पाणी साचलं होतं, ते भरून घ्यायलाही कुणी उठलं नाही. शेवटी मीच हंडे लावले.

चिखलामुळे टँकर चार दिवस येऊ शकला नाही. चौथ्या दिवशी रवजीने पेटी बाहेर काढली. मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात त्याचा मावसभाऊ होता. "परवा निघू," तो म्हणाला. "ह्या मातीत परत पाय घालायचा नाही."

बापा खाटेवर पाठ करून झोपून होते. त्यांनी ऐकलं का नाही, कळलं नाही.

पाचव्या दिवशी धुळीऐवजी नुसता टँकरच दिसला, चिखलातून डुलत येणारा. खरं सांगते, मला राग आला होता. वाटलं, आता हा माणूस टँकर वळवणार आणि मागे लिहिलेलं असणार 'हसत राहा' की काय. आज मी वाचणार नाही, असं मनाशी ठरवून बसले होते.

टँकर वळला. फळा कोरा होता. नुसता पुसलेला नाही. ओल्या फडक्याने स्वच्छ धुतलेला.

जुसबभाईंनी नळी जोडली. पिंप भरत असताना बापा उठून बसले.

"काय लिहिलंय, समजूवहू?" ते मला नावाने हाक मारत म्हणाले.

"काही नाही, बापा. कोरा आहे."

बापा खाटेवरून उतरले, काठी टेकत टँकरपाशी गेले आणि त्या काळ्या पत्र्यावर त्यांनी हात फिरवला. "का रे? मीठ आमचं विरघळलं. तुझा खडू का विरघळला?"

"काय लिहू, बापा?" जुसबभाई म्हणाले. "बावीस मिठागरं बघत आलो. एकाचा वाफा धड नाही. त्यांच्या दारात जाऊन आनंदी राहा लिहू? फुगे उडवू? मला लाज आहे."

"आनंदी राहा नको लिहूस. लिहिलंस तर मीच पुसेन," बापा म्हणाले. "तारीख लिही."

"कसली तारीख?"

बापा काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते रवजीनेही कधी ऐकलं नव्हतं.

बापा तेव्हा दहाएक वर्षांचे. असंच मावठं आलं होतं, होळीच्या तोंडावर. रणातली सगळी माणसं गाढवांवर सामान लादून गावाकडे निघाली. बापांचे वडील, हमीरभाई, तीन दिवस झोपडीत बसून राहिले. चौथ्या दिवशी सकाळी उठले, भाकरी खाल्ली, आणि वाफ्यात उतरून एकटेच चिखल तुडवायला लागले. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, तेव्हा कुठे पाणी धरतो. चार माणसांना आठ दिवसांचं काम. "आईने विचारलं, वेड लागलं का? बाप म्हणाला, चैत्र-वैशाख बाकी आहे, ऊन बाकी आहे, मी बाकी आहे. दुपारी आई उतरली. मग मी. वैशाखाच्या शेवटी मीठ आलं. बारीक आलं, थोडं आलं, पण आलं."

"हे कधीचं, बापा?" जुसबभाईंनी खिशातून खडू काढलासुद्धा होता.

"तारीख मला काय ठाऊक! होळीला चार दिवस होते, एवढं खरं. आईने गोवऱ्यांचा ढीग केला होता, तो भिजला होता."

जुसबभाईंनी बोटं मोजली, मग माझ्याकडे बघितलं. मीही मोजत होते. होळीला चारच दिवस होते.

"बापा, म्हणजे तिथीने आजच की!"

"मग लिही. मोठ्या अक्षरात लिही, लोकांना चिखलातून लांबून दिसलं पाहिजे."

त्या दिवशी जुसबभाईंनी फळा काठोकाठ भरला. मी पदर मागे सारून मोठ्याने वाचलं. पदराचं कुणाला भानच राहिलं नव्हतं. 'आज होळीच्या आधीचा चौथा दिवस. साधारण पंचावन्न वर्षांपूर्वी ह्याच दिवशी, सगळं मीठ वाहून गेल्यावर, हमीरभाई जेसंग ह्यांनी वाफा पुन्हा तुडवायला घेतला. त्या वर्षी मीठ आलं.' खाली सुविचार नव्हता.

वडिलांचं नाव वाचलेलं ऐकून बापांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं आणि परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं. तिसऱ्यांदा रवजीने वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलवत. मग तो चपला काढून वाफ्यात उतरला. पेटी तशीच बाहेर राहिली. दोन दिवसांनी मीच ती आत ढकलली.

टँकर पुढे गेला. जुसबभाईंनी त्या दिवशी नेहमीची वाट सोडली आणि संध्याकाळपर्यंत जेवढ्या मिठागरांवर पोचता येईल तेवढ्यांवर गेले. पाणी संपलं तरी फळा दाखवत फिरले. दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत माणसं आमच्याकडे यायला लागली. हमीरभाईंनी आधी कुठला कोपरा घेतला होता? बांध आधी घातला का तळ आधी? बापा खाटेवर बसून सांगायचे, हातवारे करायचे, मधेच वाफ्यातल्या रवजीला ओरडायचे, "टाच दाब, टाच! नाचतोयस काय!" आमच्या बाजूच्या अकरा कुटुंबांपैकी नऊ थांबली. दोन गेली, त्यांचे हाल आमच्याहून वाईट होते, त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.

मीठ आलं. बारीक आलं, नेहमीच्या निम्मंही नाही, पण रवजी मोरबीला गेला नाही.

त्यानंतर वही भरायला लागली. ज्यांना तारखा आठवत नव्हत्या त्यांना सण आठवले, सणांवरून मास्तरांनी पंचांग काढून तारखा बसवल्या. मोंघीबेनने एकटीने विहीर खणून पुरी केली तो दिवस. करमशीच्या पोरीचा जन्म जुसबभाईंच्याच केबिनमध्ये झाला तो दिवस. फुगा, टेलिफोन आणि विमानाच्या शेजारी आमची माणसं बसली, एकाच खडूने लिहिलेली. दुसऱ्या टोकाच्या मिठागरावरचा, कधी न भेटलेला माणूस लग्नात भेटला की विचारायचा, "तुम्ही त्या हमीरभाईंच्या घरातल्या का?" मी हो म्हणायची आणि माझी मान आपोआप ताठ व्हायची.

आता फोनला कुठे कुठे रेंज येते. रोज सकाळी फुलांची चित्रं आणि चांगली चांगली वाक्यं येऊन पडतात. कुणी पाठवली तेही कळत नाही. जुसबभाईंचे केस पिकलेत, पण टँकर तेच चालवतात आणि फळाही तेच लिहितात. वहीची आता थोडीच पानं कोरी राहिलीत. कोऱ्या पानाची तारीख आली की ते कासावीस होतात, आधी दोन दिवस सगळ्यांना विचारत फिरतात.

गेल्या महिन्यात असाच एक दिवस होता. मास्तरांना काही सापडलं नव्हतं, रेडिओने काही सांगितलं नव्हतं. खडू हातात घेऊन जुसबभाई टँकरमागे उभे होते. बापांना आता कमी दिसतं, पण त्यांना सगळं कळलं.

"समजू, चहा टाक," ते म्हणाले. मी चहा दिला. जुसबभाईंनी तो प्यायला.

"अजून टाक."

"बापा, पुरे. एक झाला," जुसबभाई म्हणाले.

"पी रे गप." दुसरी बशी रिकामी होईपर्यंत बापा थांबले. मग म्हणाले, "हं, आता लिही. आजच्या दिवशी घुघा हमीरने जुसब टँकरवाल्याला दोनदा चहा पाजला. मास्तरांना विचारायला नको, साक्षीला समजू आहे."

जुसबभाईंनी खडू फळ्याला लावला, आणि हसू आवरेना म्हणून पहिलंच अक्षर वाकडं आलं.