मंडळाचा पासवर्ड

पेनड्राइव्हच्या टोकाचा निळा दिवा दोनदा लुकलुकला, विझला, आणि पडद्यावर पुन्हा तीच लाल चौकट — सिक्युअर बूटला ही सही मान्य नाही. सिक्युअर बूट म्हणजे अनोळखी प्रणालीला आत न घेणारं कॉम्प्युटरचं कुलूप. दमयंतीच्या मस्तकात तिडीक गेली. शाळेच्या सहा नव्या कॉम्प्युटरपैकी एकही तिचं पेनड्राइव्हवरचं मोफत लिनक्स आत घ्यायला तयार नव्हता, आणि त्यांच्यासोबत आलेलं विंडोज पहिल्याच पायरीला इंटरनेट मागून अडून बसलेलं... सावर्ड्यापासून सात किलोमीटर आत, जिथे रेंजसाठी व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागतं, तिथे कसलं आलंय इंटरनेट! सुट्टीभर खपून तिनं आठवीसाठी मराठीतून धडे रचले होते, सगळे लिनक्सवर. आणि सोमवारी शाळा उघडणार होती.

सिक्युअर बूट बंद करायचं म्हणजे सेटिंगमधली एक खूण काढून टाकायची, बस. पण सेटिंगच्या दारातच पासवर्ड. तो घातला होता मुंबईच्या ग्रामविकास मंडळानं — म्हणजे चिटणीस विनीतनं, कॉम्प्युटर गावी धाडण्याआधी... देणार मंडळ, नाव रंगवणार मंडळ, आणि गावातल्या माणसानं नुसती धूळ पुसायची. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. शिकवणार मी, आणि —

ती व्हरांड्यात गेली, विनीतला फोन लावून पासवर्ड मागितला.

"वहिनी, तुम्ही कशाला हात घालता त्यात?" विनीत हसत म्हणाला. "काही बिघडलं तर मंडळाला उत्तर कोण देणार? गणपतीत येतोच आहे मी, तेव्हा बघू."

"तोवर पोरांनी काय पूजा करायची त्यांची, भावजी?"

"मीटिंगमध्ये विषय काढतो ना. बरं, आमच्या घराची किल्ली तुमच्याकडेच आहे, तर जरा कौलं बघून घ्या. कपाटात जमिनीचे कागद आहेत, ओल लागायला नको."

"बघते," ती म्हणून गेली.

फोन बंद झाल्यावर तिला तो आपलाच शब्द ऐकू आला. विनीतचं घर, दादूकाकांचं, वरच्या वाडीतली तीन — पाच बंद घरांच्या किल्ल्या तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या. दिवा लावायला, केर काढायला, कागद सांभाळायला ती विश्वासाची... आणि एक खूण काढायला नाही? विनीतवर चिडून चिडून किती चिडणार. संताप येत होता त्या 'बघते'चा — या गावात आल्यापासून अकरा वर्षं, कुणी काही सांगितलं की तोंडातून आपोआप सुटणाऱ्या. नंबर अजून समोरच होता. पुन्हा लावला तर काय बोलायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. बघते म्हणायचं नाही, एवढंच.