खात्याचा नंबर सांग, मोना

गडमुडशिंगीच्या पतसंस्थेत परदेशातून आलेले पैसे मिळायला लागले, तेव्हापासून तिथल्या काउंटरवर नवीनच गर्दी दिसायला लागली. कुणाचा पोरगा दुबईला, कुणाचा जावई मस्कतला. घरची माणसं यायची, मोबाईलवर आलेला नंबर दाखवायची, आधार कार्ड पुढे करायची आणि सही करून पैसे घेऊन जायची. गणपतराव चौगुले तेवढे कधी आले नाहीत.

त्यांची एकुलती एक लेक मोना आयर्लंडमध्ये एका वृद्धाश्रमात नर्स होती. दर महिन्याला ती वडलांच्या नावाने पैसे पाठवायची. पैसे आले की काउंटरवरची अंतरा फोन करायची.

"आबा, मोनाचं पैसं आल्यात. या की घ्यायला."

"बघू," म्हणून गणपतराव फोन ठेवायचे. ते काही जायचे नाहीत. मुदत संपली की पैसे परत मोनाकडे जायचे आणि पुढच्या महिन्यात ती पुन्हा पाठवायची. बाप हट्टी आणि लेक बापाच्या वरताण.

सुरुवात झाली होती ती डेअरीवर. मोनाने पहिल्यांदा पैसे पाठवले त्या आठवड्यात गणपतराव दूध घालायला गेले होते. जोतीराम मापाडी म्हणाला, "गणपतराव, आता कशाला पहाटं उठून धारा काढतायसा? लेक युरो धाडतीया. बसून खावा की!"

रांगेतले सगळे हसले. जोतीरामच्या मनात काही नव्हतं, तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची अशीच फिरकी घ्यायचा. पण गणपतरावांना ते लागलं. घरी येऊन त्यांनी किटली आपटली आणि बायकोला, शालूबाईंना सांगितलं, "पोरीच्या जिवावर जगायची येळ अजून माझ्यावर आलेली न्हाय."

"पोरगा असता तर घेतलं असतंसा न्हवं?" शालूबाईंनी विचारलं.

टॉवेल खांद्यावर टाकून ते मळ्याकडे निघून गेले.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं आटत गेलं. मोनाचा फोन आईला यायचा. गणपतराव सोप्यात बसून कान देऊन ऐकायचे, पण शालूबाईंनी फोन पुढे केला की म्हशींना वैरण टाकायचं निमित्त काढून उठायचे.

आणि मग एका महिन्यात अंतराचा फोन आलाच नाही. गणपतरावांना वाटलं, अंतरा रजेवर असेल. आणखी आठवडा गेला. शेवटी ते पतसंस्थेत गेले. पूर्वी एकदा ते तिथे संचालक होते, त्यामुळे आत जाऊन चहा घ्यायला काही कारण लागत नव्हतं. चहा संपवून ते काउंटरपाशी रेंगाळले.

"अंतरा, ह्या महिन्यात काय आलं न्हाय व्हय?"

"न्हाय, आबा. आलं असतं तर फोन केला असता की." तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "पर तुमी तर घेतच न्हाईसा."

"सहज इचारलं," ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

घरी शालूबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. गणपतरावांनी उभ्याउभ्याच विचारलं, "मोना बरी हाय न्हवं?"

शालूबाईंचे हात थांबले. "घसरून पडलीया. मनगट मोडलंय. प्लास्टर घातलंय."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"तीच म्हणाली, आबांना सांगू नगं. म्हणाली, त्यांना कळलं की म्हणतील, कुणी सांगितलंतं एवढ्या लांब जायला."

गणपतराव उंबऱ्यावर बसले. आपण असं म्हणालो असतो का, हे त्यांनी मनात तपासून बघितलं. कदाचित म्हणालोही असतो, असं त्यांना वाटलं आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"पगार?"

"पहिलं थोडं दिस मिळाला. आता कामावर जाईपातुर न्हाय. खोलीचं भाडं हाय, खाणं हाय. कसंतरी भागवतीया."

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेचं दार उघडायच्या आधीच गणपतराव पायरीवर हजर होते.

"मोनाला पैसं पाठवायचं हायत," त्यांनी अंतराला सांगितलं.

"आबा, आपल्याकडं नुसतं येत्यात. हितनं परदेशात पाठवायची परवानगी न्हाय आपल्याला." त्यांचा चेहरा पडलेला बघून ती घाईने पुढे म्हणाली, "तुमचं उसाचं बिल शाहूपुरीतल्या बँकेत जमा होतंय न्हवं? तिथनं जातंय. पॅन कार्ड घ्या, पासबुक घ्या, आणि परदेशी व्यवहाराचं साहेब कुठं बसत्यात ते इचारा."

गणपतराव केएमटीच्या बसने शहरात, शाहूपुरीत गेले. बँकेतल्या साहेबांचं नाव नृसिंह देशपांडे. चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा शांत माणूस.

"पैसे कुणाला पाठवायचेत, काका?"

"लेकीला. आयर्लंडला."

"शिकते का?"

"नोकरी करती. पर आत्ता हात मोडून घरात बसलीया."

देशपांड्यांनी पुढे काही विचारलं नाही. अर्ज काढला, कारणाच्या जागी कुटुंबाचा खर्च असं लिहिलं आणि म्हणाले, "आता तिच्या खात्याचा नंबर सांगा. कुठल्या बँकेत आहे तेही."

गणपतरावांना दोन्ही माहीत नव्हतं.

"मग फोन करून विचारा. तिकडं आत्ता सकाळ असेल."

गणपतरावांनी मोबाईल हातात घेतला. तिला स्वतःहून फोन करून किती काळ लोटला होता! शेवटी बटण दाबलं. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"आबा? काय झालं? आई बरी हाय न्हवं?" मोनाचा आवाज घाबरलेला होता.

आपला फोन आला की लेकीला आधी वाईटच सुचतं, हे गणपतरावांच्या काळजाला लागलं.

"आई ठणठणीत हाय. तुझ्या खात्याचा नंबर सांग."

"कशाला?"

"सांग म्हंतोय न्हवं."

"आईनं सांगितलं व्हय? मला नकोत पैसं. माझं भागतंय."

"काय भागतंय? हात गळ्यात बांधून काय भागतंय?" गणपतरावांचा आवाज चढला. रांगेतल्या माणसांनी वळून बघितलं.

"तुमी माझा एक रुपाया घेत न्हाईसा, आबा! दर महिन्याला सगळं परत येतंय. मला कसं वाटत आसंल? आणि आता मी मुकाट्यानं तुमचं घ्यायचं?" तिचा आवाज फुटला. "मी हिकडं आले म्हणून अजून राग धरून बसलाय न्हवं?"

"राग?" गणपतराव खुर्चीतून उठून उभे राहिले. "अगं, तुला इमानतळावर सोडायला मी आलतो की! राग कसला?"

"मग घेत का न्हाईसा?"

रोखपालसुद्धा नोटा हातात धरून ऐकत होता. गणपतरावांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, पण तो काही फारसा खाली आला नाही.

"लोक बोलत्यात, मोना. लेकीचं खातोय म्हणत्यात. मला लागलं ते. तुझ्यावर राग न्हवता गं कधी."

"लोक म्हंजे कोण?"

"जोतीराम."

पलीकडून रडू आणि हसू एकदमच ऐकू आलं. "जोतीकाका? आवं, त्यो तर देवालाबी सोडत न्हाय! त्याच्यापायी तुमी माझ्याशी बोलायचं सोडलंसा?"

गणपतरावांनी डोळे पुसले. देशपांड्यांनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला आणि दुसरीकडे बघितलं.

"नंबर सांग," गणपतराव म्हणाले.

"सांगते. पर म्होरल्या येळी माझं पैसं आलं की जाऊन घ्यायचं. कबूल?"

"कबूल."

गणपतरावांनी फोन देशपांड्यांपुढे धरला आणि तिने नंबर आणि संस्थेचं नाव सांगितलं. देशपांड्यांनी तो लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला आणि म्हणाले, "ही बँक दिसत नाही. क्रेडिट युनियन आहे."

"म्हंजे काय?" गणपतरावांनी संशयाने विचारलं.

"आपल्या पतसंस्थेसारखीच हाय, आबा," मोना म्हणाली. "सभासद झाल्याबिगर खातं न्हाय. गावातलीच माणसं चालवत्यात."

"संचालक निवडून येत्यात?"

"व्हय. सभेत."

"लाभांश देत्यात?"

"देत्यात की थोडा."

"मग बरं हाय," गणपतराव म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसले.

"माझा हात बघून तिथल्या ब्रिजिडबाईंनी आपणहून इचारलं, कर्ज पायजे काय. मी म्हटलं, बघू."

ती बाई कोण, कुठली, गणपतरावांना ठाऊक नव्हतं. तिने विचारलं आणि आपण विचारलं नाही, एवढं मात्र त्यांच्या मनात राहिलं. "कर्ज काढू नगंस," ते म्हणाले. "आणि त्या बाईला माझा नमस्कार सांग."

पैसे मधल्या एका बँकेतून फिरून आठवड्याच्या आत पोचले. त्या दिवसापासून संध्याकाळचा फोन शालूबाईंच्या आधी गणपतराव उचलायला लागले. हाताला मुंग्या येतात का, जेवण कोण करून देतं, तिकडच्या गाई किती लिटर देतात, असलं सगळं ते विचारायचे. पुढे प्लास्टर निघालं, हातात जोर आला आणि मोना कामावर रुजू झाली.

पहिला पगार झाल्यावर तिने पैसे पाठवले. अंतराने फोन केला तेव्हा गणपतराव पतसंस्थेच्या वाटेवरच होते, बरोबर शालूबाई. त्यांनी नंबर दाखवला, आधार कार्ड दिलं आणि सही केली. अंतराने पैसे पुढे केले. गणपतरावांनी ते न मोजताच शालूबाईंच्या हातात दिले.

"अंतरा," ते म्हणाले, "पासपोर्ट काढायचा तर कुठं जायाला लागतंय गं?"

"कुणाचा, आबा?"

"हिचा आणि माझा. पोरगी कुठं ऱ्हाती ते बघून तरी यावं म्हंतोय."

शालूबाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. मग पैसे कमरेच्या पिशवीत घालून नाडी आवळत म्हणाल्या, "आधी दाढी करा. फोटो काढायला लागंल."