टाकीचं झाकण

रेणुकाबाईंची जुनी जर्मन गाडी चार किलोमीटर चालायची आणि बंद पडायची. नेरडीगोंड्याच्या माझ्या गॅरेजात ती टोचन करून आणली, तेव्हाच मी ठरवलं, हिला न थांबता बाईंच्या गावापर्यंत, जैनथपर्यंत नेऊन दाखवीनच.

दोष डिझेल पंपाचा, याची मला खात्री होती. पुण्याच्या एका भंगारवाल्याकडून तसलाच पंप मिळवण्यात महिना गेला. तो बसवला, तरी गाडी पुन्हा चार किलोमीटरवर बंद! मी जर्मन लोकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"माणिकराव, टाकी पाह्यली का?" बाईंनी विचारलं.

"टाकीत डिझेल हाये. अजून काय राह्यते?"

तरी बाईंच्या हट्टाने टाकी उतरवली. आतल्या जाळीजवळ पांढरा लगदा होता. कापूस! गाडी चालली की तो जाळीवर ओढला जायचा, थांबली की सुटायचा.

"हा कोनं कोंबला?" मी ओरडलो.

"तुमीच. दिवाळीत टाकीचं झाकन हरपलं, तवा माह्या वावरातल्या कापसाचा बोळा तुमीच लावला. म्हने, दोन दिवस चालते."

मी टाकी धुतली आणि पुण्याला फोन लावून झाकण शोधायला सांगितलं.

"झाकणासाठी काय एवढं?" भंगारवाला हसला. "मिळेपर्यंत कापसाचा बोळा कोंबा की."

"पुन्हा कापसाचं नाव काढशीन, तर पुन्याले येऊन तुह्याच तोंडात कोंबीन," मी म्हणालो. "झाकन पाठव."