मामंजींची जीप

धाकटी जाऊ तंत्रशाळेतून निवृत्त झाली आणि तिसऱ्याच दिवशी तिने घरामागच्या पत्र्याच्या शेडचं कुलूप तोडलं. किल्ली कुठे आहे हे कुणालाच आठवत नव्हतं. तीस वर्षं पोरांना लेथ शिकवण्यात गेलेली बाई, हातावर हात ठेवून बसणं तिला जमणारच नव्हतं. पहिल्या दोन दिवसांत तिने घरातल्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, गळके नळ आणि लटपटणाऱ्या खुर्च्या निकालात काढल्या. आता घरात मोडकं असं एकच उरलं होतं, सासऱ्यांची जीप.

जीप विटांवर उभी होती. टायर केव्हाच विरले होते, बॉनेटवर बोटभर धूळ, आणि मागच्या सीटमध्ये उंदरांच्या किती पिढ्या नांदून गेल्या होत्या कोण जाणे. सासरे सर्व्हेअर होते. डोंगरात रस्ता व्हायचा असला की रस्त्याच्या आधी मामंजी आणि त्यांची जीप तिथे पोचायची. ते जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण त्यांच्या गाडी चालवण्याच्या गोष्टी घरात अजून ताज्या होत्या. धाकटीचे यजमान तर पाहुणा आला रे आला की सांगायचे, "आमचे बाबा त्या घाटात डोळे मिटून गाडी चालवायचे."

घरात तिघंच राहत होते. धाकटी, तिचे यजमान आणि थोरली जाऊ. थोरल्या दिरांना जाऊन चार वर्षं झाली होती. थोरली सहासष्ट वर्षांची, चणीने लहान, बोलायला मोजकी. तिच्यावरून घरात एक जुनी थट्टा चाले. लग्न झाल्या झाल्या ती दोन वर्षं शेजारच्या गावी शिवणाच्या क्लासला जात होती, आणि तरी आजसुद्धा तिने शिवलेल्या अभ्र्यात उशी शिरत नसे. "वहिनींनी दोन वर्षांत सुईत दोरा ओवला, बाकीचा अभ्यासक्रम राहिला," असं यजमान म्हणत. थोरली गालातल्या गालात हसे आणि विषय संपे.

जीप उघडायची म्हटल्यावर मात्र ती शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"करायचीच असेल तर होती तशी कर," ती म्हणाली. "नवीन काही घालू नकोस तिच्यात."

"बरं," धाकटी म्हणाली. तेव्हा तिला वाटलं, एवढंच ना.

पहिले दोन महिने सोडवण्यात गेले. इंजिन जाम झालं होतं. प्लग काढून तिने चारही सिलिंडरांत तेल ओतलं, आठ दिवस वाट पाहिली आणि मग पुढून हँडल घालून हळूहळू जोर लावला. पहिल्या दिवशी नखभरसुद्धा हललं नाही. चौथ्या दिवशी पाव फेरा, सहाव्या दिवशी पूर्ण. त्या संध्याकाळी ती जेवताना उगाचच दोन घास जास्त जेवली. यजमानांची उभी हयात पोस्टात गेलेली. चिठ्ठी लावल्याशिवाय त्यांना वस्तू ठेवता येत नसे. त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मांडल्या आणि निघालेला प्रत्येक नटबोल्ट त्यात घालून वर सुंदर अक्षरात लिहिलं: पुढचा डावा पाटा, रेडिएटर खालची बाजू, कशाचा आहे ते देव जाणे. शेवटच्या बरणीत सगळ्यात जास्त माल होता.

खरी कुरबुर सुरू झाली ती पुढच्या कामावरून. सांगाडा घासून, गंज काढून, दोनदा प्रायमर मारून झाला आणि धाकटीने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची वायरिंग. आणि भंगारबाजारात एका छोट्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग तिला चांगल्या अवस्थेत मिळालं होतं, ते जुन्या दांड्याला जोडायचं. जोडणीचा तुकडा ती शाळेच्या लेथवर स्वतः काढणार होती.

थोरलीने कागद सरळ केला, पाहिला आणि परत सरकवला. "मग नवीनच गाडी घे की."

"जाऊबाई, जुनं स्टिअरिंग फिरवणं म्हणजे जात्यावर दळण आहे. आणि ब्रेक? दाबायचा आज, गाडी थांबणार उद्या."

"एवढी वर्षं थांबतच होती ना."

"मामंजींची गोष्ट वेगळी होती."

"हो, वेगळीच होती," थोरली म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

त्यानंतर पंधरा दिवस थोरली शेडकडे फिरकली नाही. चहा व्हायचा, पण तो बाहेरच्या कठड्यावर झाकून ठेवलेला असायचा. धाकटीला हे लागलं. सासऱ्यांबद्दल आदर असावा, पण तो ब्रेकच्या आड का यावा, हे तिला कळेना. भांडायचं तर नव्हतं, आणि बिनब्रेकची गाडी करणं तिच्या हातून झालं नसतं. तिने तो वाद बाजूला ठेवला आणि सीट हाती घेतल्या.

ड्रायव्हरच्या सीटची लोखंडी चौकट तिने घासायला घेतली, आणि रंगाच्या खाली पुट्टीने बुजवलेली चार भोकं निघाली. सीट ज्या चार भोकांत बसवलेली होती, त्यांच्या बरोबर साडेचार इंच पुढे. तिने मापाची व्हर्नियर पट्टी लावून पाहिली. भोकं हाताच्या ड्रिलने पाडलेली, पण रेषेत, एकसारखी. हे कारखान्याचं काम नव्हतं. तिने पेडलं उलटी केली. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, तिन्हींनाही दोन-दोन बारीक भोकं, तीही बुजवलेली. मग तिला जीपमधल्या हत्यारांच्या पेटीत सापडलेले तीन लाकडी ठोकळे आठवले. पहिल्याच दिवशी निघाले होते आणि यजमानांनी ते 'देव जाणे' बरणीशेजारी ठेवले होते. तिने एक ठोकळा क्लचवर ठेवला. भोकाला भोक जुळलं.

मामंजी सहा फूट दोन इंच उंच होते. त्या सीटवर त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे म्हणून ते वाकडे बसत, हे तिने स्वतः पाहिलं होतं. साडेचार इंच पुढे आणि पेडलवर ठोकळे, असं बसायला माणूस पाच फुटांच्या आतबाहेरचा हवा. तिने या घरात पाऊल ठेवलं तेव्हापासून त्या उंचीचं एकच माणूस तिला माहीत होतं.

ती ठोकळा हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेली. थोरली मटार सोलत बसली होती. धाकटीने ठोकळा तिच्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

थोरलीने ठोकळ्याकडे पाहिलं. मग दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "मला वाटलं जाळले असतील मामंजींनी."

"तुम्ही चालवत होतात?"

"दोन वर्षं."

"आणि शिवणाचा क्लास?"

"कुठला क्लास, अगं. मी शिवणाचं मशीन जवळून पाहिलंसुद्धा नव्हतं."

मग तिने सगळं सांगितलं, एका दमात नाही, शेंगा सोलत सोलत. लग्न होऊन चार महिने झाले होते. थोरले दीर नोकरीला बाहेरगावी, पंधरा दिवसांनी यायचे. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा चढत होता. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती त्यांची. खात्यात कळलं असतं तर टेबलावर बसवलं असतं, किंवा घरी. डॉक्टर म्हणायचे, अजून पिकायचंय, थांबा. एकदा ते जीप घेऊन घरी आले ते कुंपण पाडूनच. त्या दिवशी सासूबाईंनी सुनेला जवळ बसवलं आणि विचारलं, तुला सायकल येते ना?

"सायकल येते म्हणजे जीप येईल, हा त्यांचा हिशोब," थोरली म्हणाली. "नदीच्या पात्रात शिकवलं मामंजींनी. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण कानाने शिकवलं. इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचे, आता गिअर टाक. सकाळी गावातून ते चालवत निघायचे, पुढे घेतलेल्या सीटवर कसेबसे अंग चोरून. सरळ रस्ता, पाठ होता. गाव संपलं की आम्ही जागा बदलायचो. मी त्यांचा कोट घालायचे, डोक्यावर त्यांची टोपी. लांबून कुणाला कळायचं नाही. डोंगरात ते खुंटे मारायचे, मी मोजणीच्या दुर्बिणीतला आकडा वाचून सांगायचे."

"आकडेसुद्धा तुम्ही वाचायचात?"

"दिसायला नको का कुणाला तरी?"

धाकटीने विचारलं, "थोरल्या भाऊजींना माहीत होतं?"

"नाही." थोरलीचा हात क्षणभर थांबला. "सांगायचं नाही असं ठरलं होतं. नंतर ऑपरेशन झालं, मामंजींना लख्ख दिसायला लागलं. एक दिवस मी सकाळी कोट काढून ठेवला होता, तर म्हणाले, आता गरज नाही, मुली. त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं. मी कोट परत कपाटात ठेवला. पुढच्या आठवड्यात सीट मागे गेली होती."

बाहेर यजमानांनी रेडिओ लावला होता. त्याचा आवाज भिंतीतून येत होता.

"म्हणून तुम्हाला ती होती तशीच हवी होती," धाकटी म्हणाली.

"त्या स्टिअरिंगने रोज माझे खांदे भरून यायचे. आवडायचं का मला ते? पण तू कागद पसरलास आणि मला वाटलं, सगळं नवीन घातलं की ती तुझी गाडी होईल. पहिल्यांदा त्यांची होती, मग तुझी." ती जरा हसली. "वेडेपणाच. पण वाटलं."

धाकटीने तिच्यापुढची परात ओढून घेतली आणि उरलेल्या शेंगा सोलायला लागली. परात रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "पॉवर स्टिअरिंग घालू?"

"घाल. आणि ब्रेकसुद्धा. घाटात दोनदा जीव मुठीत घेऊन उतरलेय मी."

दुसऱ्या दिवसापासून चहा शेडच्या आत यायला लागला, आणि चहाबरोबर थोरलीही. कुठला आवाज नवा आणि कुठला पहिल्यापासूनचा, हे तिला धाकटीपेक्षा जास्त कळत होतं. कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा उघडला तेव्हा तीच म्हणाली, "पेट्रोल जास्त पितेय ती, वास बघ." आणि ते खरं निघालं. सीटच्या खोळी मात्र बाहेरून शिवून आणल्या.

यजमानांना सांगायचं की नाही, हा प्रश्न थोरलीने टाळतच ठेवला होता. शेवटी तो गाडीनेच सोडवला. रंग वाळला, चाकं चढली, आणि एका रविवारी सकाळी जीप अंगणात चालवून पाहायची ठरली. यजमानांनी गृहीत धरलं होतं की धाकटी बसणार. सीट पुढच्या भोकांत बसवून आणि पेडलवर ठोकळे चढवून ती बाजूला झाली. थोरली चढून बसली, आरसा वळवला, आणि गाडी अंगणातून निघून गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथे तिने क्लच दोनदा दाबून खालचा गिअर टाकला, जुन्या गाड्यांना टाकतात तसा, आणि एका वळणात गाडी फिरवून आणली. पन्नास वर्षांपूर्वीच्या ड्रायव्हरांशिवाय असा गिअर कुणी टाकत नाही. यजमान फाटकाशी उभे होते ते उभेच राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "हे तुम्ही कुठे शिकलात?"

"शिवणाच्या क्लासला," थोरली म्हणाली, आणि इंजिन बंद करून सगळं सांगितलं.

यजमान त्या दिवशी जेवले, पेपर वाचला, दुपारभर झोपले नाहीत. संध्याकाळी ते थोरलीच्या खोलीच्या दाराशी आले.

"मी मूर्ख ठरलो," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना सांगत फिरलो, डोळे मिटून चालवायचे म्हणून."

"भाऊजी, ते खोटं कुठे होतं?"

"मला सांगायला काय झालं होतं बाबांना?"

"तुम्ही तेव्हा सातवीत होतात. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असतं."

यजमानांनी यावर विचार केला. "दुपारपर्यंत," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "भीती नाही वाटली तुम्हाला?"

"पहिला महिना वाटली. मग त्यांना वाटायची, मी जोरात न्यायचे तेव्हा."

यजमान हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

एक अडचण उरलीच होती. थोरलीकडे लायसन्स नव्हतं, कधीच नव्हतं. सहासष्टाव्या वर्षी ती शिकाऊ लायसन्सच्या रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे-मागे कॉलेजातली मुलं. महिनाभराने परीक्षा झाली तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी चढावर गाडी थांबवून परत सुरू करायला सांगितली. जीप सुताइतकीही मागे गेली नाही. साहेबांनी विचारलं, "बाई, किती दिवसांपासून शिकताय?" थोरलीने धाकटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "महिना झाला." लायसन्ससाठी खोटं बोलावं लागलं याचं तिला दोन दिवस वाईट वाटलं, मग ते गेलं.

पुढच्या आठवड्यात तिघं डोंगरात गेले. मामंजींनी मोजलेला रस्ता वर नवीन रस्ता झाल्यापासून कुणी वापरत नव्हतं. डांबर निघालं होतं, कडेला झुडपं पसरली होती, एका ठिकाणी पाण्याने अर्धा रस्ता कापून नेला होता. थोरली तिथे थांबली, उतरून कडा पाहून आली, परत बसली आणि चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा ओढला. यजमान मागच्या सीटवरून म्हणाले की आपण चालत पलीकडे जाऊ शकतो. जीप एका अंगावर कलली, दगडांवर चढली, उतरली आणि पलीकडे निघाली. थोरलीने एका बोटाने स्टिअरिंग सरळ केलं.

"हलकं आहे गं हे," ती म्हणाली.

"आवडलं?"

"थोडं जास्तच हलकं आहे. पण सवय होईल."

धाकटीने कामाची वही काढून तेवढं लिहून घेतलं. वर चढण अजून बरीच होती, आणि थोरलीने पुढचा गिअर टाकला.