लेकींचा पहिला फेरा

मी एक जुना रहाटपाळणा आहे, मित्रांनो. दोन उभे खांब, त्यांच्यावर एक आडवा कणा, कण्याला दांडे आणि दांड्यांना टांगलेले चार पाळणे, एवढाच माझा संसार. मला ना इंजिन, ना वीज. दोन माणसं खालून हाताने ढकलतात आणि मी फिरतो. पूर्वी फिरताना मी इतका कुरकुरायचो की शिवारातल्या बैलांना ऐकू जायचं. आता लाकूड कुरकुरत नाही, म्हणून मी तोंडाने कुरकुरतो. म्हातारपणी तेवढी मुभा असू द्या.

अंबड तालुक्यात, गोदावरीपासून दोन कोसांवर कवठाळी नावाचं गाव आहे. तिथल्या अप्पाराव सुतारांनी मला घडवलं. विहिरीकाठच्या दोन बाभळी तोडल्या, वर्षभर सावलीत वाळवल्या आणि मग तीन महिने ते माझ्यामागे लागले. तेवढ्या दिवसांत लोकांचे नांगर, वखर त्यांच्या अंगणात तसेच पडून राहिले. गावाने त्यांना काय काय बोल लावले, ते मी इथे सांगत नाही.

चैत्र पौर्णिमेला भैरोबाची जत्रा भरली. चिंचेखाली मला उभं केलं, पण बसायला कोणी तयार होईना. जो तो लांबूनच कौतुक करी. अप्पारावांची लेक जत्रेसाठी माहेरी आली होती. त्यांनी तिला हाताला धरून बसवलं. ती वर गेली, तिला आपल्या बापाचं शेत दिसलं, विहीर दिसली, पार नदीकाठची झाडं दिसली, आणि ती मोठ्याने हसली. मग गावच्या बाकीच्या लेकी धावत आल्या. तेव्हापासून कवठाळीत रीतच पडली. जत्रेचा पहिला फेरा गावच्या लेकींचा, आणि तो झाल्याशिवाय पाटलाच्या पोरालाही पाळण्याला हात लावता येत नाही.

माझं काम सोपं वाटतं, पण तसं नाही हं. समोरासमोरच्या पाळण्यांत वजन सारखं लागतं. एक बाजू जड झाली की ढकलणाऱ्याचे खांदे निघतात. अप्पाराव नुसत्या नजरेने माणूस जोखायचे आणि कोणाला कोणासमोर बसवायचं ते ठरवायचे. जत्रेचे पंच कारभारीआबा, त्यांची थोरली बहीण चांगुणाबाई. तिच्या वजनाला अगदी बरोबर बसायची बुद्धवाड्यातली लेक सोनूबाई. पहिल्यांदा दोघींना समोरासमोर बसवलं तेव्हा काही लोक कुजबुजले. अप्पाराव म्हणाले, "वजन बराबर बसलं की पाळणा फिरतो. मला दुसरं काई माहीत न्हाई." पुढे त्या दोघींची अशी गट्टी जमली की विचारू नका. पाळणे एका उंचीवर आले की एक म्हणायची, "जावई बरा हाय का?" आणि दुसरी पुढच्या फेरीत उत्तर द्यायची. 

अप्पारावांच्या मागे त्यांचा मुलगा पुंजाराम माझा धनी झाला. नजर बापाची, हात बापाचा, फक्त तोंड बापाचं नाही. काम पुरं होण्याआधी बोललं की नजर लागते, असं त्याचं मत. त्यामुळे तो काय करतो आहे ते त्याच्या सावलीलाही कळत नसे.

जत्रा संपली की माझे भाग सुटे करून पुंजारामच्या पडवीत रचून ठेवत. पडवीची भिंत आणि नंदाबाईच्या चहाच्या हॉटेलाची भिंत एकच. त्या भिंतीला पाठ लावून दोन माणसं बसायची. एक रामकिसन शिंपी आणि दुसरा वसंता. वसंता जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता आणि शनिवारी गावी यायचा. या दोघांना जत्रेचं भारी वेड. जत्रा चार दिवसांची, पण यांची चर्चा बारा महिन्यांची. यंदा काय नवीन येणार, कोणाचा तंबू निघणार, कोणाला चिंचेजवळची जागा मिळणार!

"यंदा मौत का कुआ येऊन राह्यला," वसंता सांगायचा. "बिलकुल पक्की खबर हाय."

"मागल्या साली बी पक्कीच व्हती," रामकिसन म्हणायचा. "आलं काय? चिठ्ठी काढणारा पोपट."

"बरं, आरशांचा तंबू तर गेलाच समज. त्याचे दोन आरसे फुटले, मी सोता पाह्यले."

मी भिंतीपलीकडून ऐकायचो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? आपल्यावर इतका जीव लावणारी माणसं असली की पडवीतली धूळही सुसह्य होते.

शहात्तर साली मात्र त्यांच्या बोलण्याची गाडी माझ्यावर आली. होळी झाली आणि पुंजारामने माझा कणा काढला. कण्याला चीर गेली होती, आणि चीर गेलेल्या कण्यावर लेकी बसवायला तो तयार नव्हता. जालन्याला लाकूड कातून देणाऱ्या एका कातारी माणसाकडे त्याने तो नेला आणि नमुना म्हणून तिथेच ठेवून हुबेहूब नवा करायला सांगितला. आला रिकाम्या बैलगाडीने. सांगितलं कोणाला? कोणाला नाही.

त्या शनिवारी वसंता धापा टाकत हॉटेलात आला. "रामकिसन, वाईट खबर हाय. पुंजारामच्या पाळण्याचा कणा मी वखारीपाशी पाह्यला. जळणाच्या ढिगाला टेकून ठेवल्ता."

रामकिसनने बशी खाली ठेवली. "म्हनजे इकला?"

"न्हाई तर काय? लोखंडी पाळणा आलाय ना जालन्यात, इंजिनावर फिरणारा. त्याच्यापुढं ह्याचं काय चालणार? म्हनून बंद केलं आसंल."

"म्हनूनच तो बोलत न्हाई," रामकिसन हळहळला. "मनाला लागलं आसंल त्याच्या."

कातारी माणसाचं दुकान त्या वखारीला लागून होतं, एवढंच यांना ठाऊक नव्हतं. मी ओरडून सांगणार होतो, पण कण्याशिवाय पाळणा म्हणजे काय, चार फळ्या. तेवढ्यात पुंजाराम हॉटेलावरून गेला. दोघेही फार मायेने त्याच्याकडे बघत राहिले. विचारलं मात्र नाही. बापाचा धंदा मोडलेल्या माणसाला तोंडावर कसं विचारायचं, अशी त्यांना भीड. रामकिसनने ते आपल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, गिऱ्हाइकाने पारावर सांगितलं आणि पारावरून ते कारभारीआबांच्या कानी गेलं.

पाडव्याला पंच बसले. चिंचेखाली पाळणा एकच मावतो. इंजिनवाला जागा मागायला आला होता. आबा म्हणाले, "पुंजारामनं तर सोडून देलं. जागा रिकामी ठिवून काय करता?" पुंजाराम त्या बैठकीला गेलाच नव्हता. तीस वर्षं ती जागा त्यांची, ती मागायला जायचं त्याच्या मनातही आलं नाही. राग येतो मला त्याचाही. एकाने विचारलं नाही, दुसऱ्याने सांगितलं नाही, आणि मधल्यामध्ये मी बेघर झालो.

जत्रेच्या आदल्या दिवशी पुंजाराम जालन्याहून नवा कणा घेऊन आला. काय सुरेख कणा होता! तेलाने चमकत होता. गाडी तशीच त्याने चिंचेकडे हाकली, जागा साफ करावी म्हणून. तिथे लोखंडाचे पाय आधीच रोवलेले होते.

आबांनी गाडीतला कणा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "पुंजाराम, तू बंद केलं आसं कळल्तं आमाला."

"कोन म्हनलं?"

आबांना सांगता येईना, कारण सगळं गावच म्हणत होतं. पुंजाराम भांडला नाही. त्याने गाडी वळवली, कणा पडवीत आणून माझ्याशेजारी ठेवला आणि आम्हा दोघांवर बारदान पांघरलं. "ऱ्हा आता," एवढंच म्हणाला. मला रडू आलं, मित्रांनो. लाकडाला रडता येत नाही म्हणतात, पण त्या बारदानाखाली या तुम्ही कधी.

चिंचेखालची हकीकत तोवर हॉटेलात पोचली होती. जत्रेसाठी रजा घेऊन आलेल्या वसंताच्या हातातला चहा निवला.

"कणा नवा कराया गेल्ता तो," तो हळूच म्हणाला.

"तूच म्हनला, इकला," रामकिसन म्हणाला.

"म्या कणा पाह्यला. सारं गावभर कोन सांगितलं?"

नंदाबाईने दोघांपुढचे कप उचलून घेतले. "बारा महिने माझ्या भिंतीला टेकून बसता. भिंतीपल्याड जितं मानूस व्हतं. एकदा विचारलं आसतं तर जीभ झडली आसती का?" 

त्या दिवशी उरलेला चहा तिने त्यांना दिला नाही.

सकाळी जत्रेचा नारळ फुटला. नवी लुगडी नेसून गावच्या लेकी चिंचेखाली जमल्या. इंजिन धडधडत होतं. पाळणेवाला भला माणूस होता, म्हणाला, "बसा आक्का, लई उंच जातो माझा."

"जाऊ दे बापा उंच," सोनूबाई म्हणाली. तिचे केस आता पांढरे झाले होते. "पन आमच्या अप्पाचा पाळणा कुठं हाय?"

चांगुणाबाई भावाकडे वळली. "आबा, जागा देताना पुंजारामला विचारलं व्हतं का?"

"त्याला वाईट वाटलं आसतं म्हनून..."

"मंग आता बरं वाटून राह्यलं का त्याला?"

चांगुणाबाई आणि सोनूबाई पुढे आणि मागे वीस-पंचवीस लेकी, अशी ती वरात पुंजारामच्या दारात आली. पुंजाराम उंबऱ्यात उभा राहिला. "जागा न्हाई, आक्का," तो म्हणाला.

"तुझ्या दारात जागा न्हाई व्हय?" सोनूबाई म्हणाली. "जत्रा भैरोबाची, पन पहिला फेरा आमचा हाय. तो आमी चिंचेला इचारून घेतला नव्हता."

लेकी दारात येऊन काही मागू लागल्या तर कवठाळीत कोणी नाही म्हणत नाही. पुंजाराम माझ्यावरचं बारदान काढायला वळला, तोवर मागून पहारीचा आवाज आला. वसंता आणि रामकिसन हॉटेलासमोरची जमीन खणायला लागले होते. चैत्रातली जमीन ती, दगडासारखी! नंदाबाईने आपले बाकडे आत ओढले आणि पाण्याच्या घागरी आणून खड्ड्यात ओतल्या. कारखान्यात काम करणाऱ्या वसंताच्या हातालाही फोड आले. रामकिसनचे हात तर सुईचे, पण तो थांबला नाही. तीन हात खोल खड्डे झाले, तेव्हा माझा एक खांब खुद्द आबांनी खांद्यावर घेतला.

पुंजारामने नवा कणा बसवला, एरंडेल तेल चोपडलं आणि मग सगळ्यांकडे बापाच्या नजरेने पाहिलं. "चांगुणाआक्का, तुमी इकडं. सोनूआक्का, तुमी समोर." एका बाजूने त्याने हात लावला. दुसऱ्या बाजूला वसंता येऊन उभा राहिला, फोड आलेले तळहात घेऊन. पुंजारामने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "जल्दी करू नको. हळू ढकल." एवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

मी फिरलो. वर गेलेल्या सोनूबाईला नदीकाठ दिसला. पाळणे एका उंचीवर आले तेव्हा चांगुणाबाईने विचारलं, "पुंजाराम, कुरकुर कुठं गेली रे?" आणि खालचे सगळे हसले. पुंजारामही हसला, डोळे पुसत.

तो लोखंडी पाळणा पुढेही येत राहिला. रांग त्याच्यापुढेच लागते. मला थोडा हेवा वाटतो, नाही असं नाही. आता जत्रेत मी एक सकाळच फिरतो, नंदाबाईच्या हॉटेलासमोर, लेकींसाठी. पण उभा राहतो, आणि माझ्या वयाला तेवढं पुष्कळ आहे.

माझा जुना कणा वसंताने जालन्याहून परत आणला. त्याला चार पाय लावून पुंजारामने बाक केला आणि हॉटेलाच्या भिंतीशी ठेवला. त्यावर बसून त्या दोघांची चर्चा अजून चालते. कोण येणार, कोण जाणार, मौत का कुआ यंदा तरी पक्का की नाही. करू द्या बिचाऱ्यांना. पण मित्रांनो, कोणी म्हातारं झालं, गप्प झालं, म्हणून ते संपलं असं आपल्याआपण ठरवू नका. त्याच्यापाशी जा आणि विचारा.

आता होळी झाली की रामकिसन भिंतीवर थाप मारतो. "पुंजाराम, यंदा पाळणा उभा करनार न्हं?"

आणि काम होण्याआधी कधीच न बोलणारा माझा धनी इकडून ओरडून सांगतो, "करनार. या तेल लावाया."