पडद्याकडे पाठ

सिनेमाच्या धंद्यात बावीस वर्षं काढून एकही सिनेमा न पाहिलेला माणूस दाखवा असं कोणी म्हटलं, तर पाठमोरेंकडे बोट दाखवावं लागेल. पाठमोरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. चित्रपट बाजारात जाण्याआधी शे-दीडशे परक्या माणसांना तो फुकट दाखवायचा, त्यांची मतं गोळा करायची आणि निर्मात्याला कळवायची, हा त्यांच्या कंपनीचा व्यवसाय. त्यात पाठमोरेंचं काम असं की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली एका बुटक्या स्टुलावर बसायचं, पडद्याकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून. मांडीवर पॅड, पॅडवर तक्ता, तक्त्यावर चिमूटभर लाल दिवा. दर अर्ध्या मिनिटाला एक रकाना. लोक हसले की ह, खोकले की ख, फोन काढला की फ, उठून गेले की उ, रडले की र. माणूस कार्डावर हमखास खोटं लिहितो, पण अंधारात त्याचा चेहरा खोटं बोलत नाही, असं पाठमोरेंचं म्हणणं होतं. निर्मात्यांना ते पटलं होतं, म्हणून तर स्टूल टिकलं.

सात महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. तीन आठवड्यांचं आजारपण, त्यातला एक आठवडा तर साधा ताप समजण्यात गेला. शेवटचा निरोप द्यायला एका लांबट खोलीत सगळे जमले होते. बायकोला पुढे शवपेटीत ठेवलं होतं, समोर खुर्च्यांवर नातेवाईक, शेजारी, ती काम करायची त्या औषधाच्या दुकानातल्या दोघी-तिघी. पाठमोरे आत आले, चालत पुढे गेले आणि बावीस वर्षांच्या सवयीने वळून लोकांकडे तोंड करून उभे राहिले. बायको पाठीमागे. अर्धा तास ते तसेच उभे होते. दुसऱ्या रांगेत मामेसासऱ्यांनी फोन काढला तेव्हा, आणि मेहुणीला रडू फुटलं तेव्हाही, त्यांच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर हललं. हे एकाच माणसाने पाहिलं, त्यांच्या मुलीने. घरात तिला बिट्टी म्हणत, वय सोळा. त्या दिवसापासून ती बापाशी कामापुरतं बोलायची. किल्ली घेतली, दूध संपलंय, फी भरायची आहे. त्यापुढे एक शब्द नाही.

पाठमोरेंना दुःख झालं नव्हतं असं नाही. ते कुठेतरी होतं, पण हाताला लागत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ असतो पण आपला नसतो, तशी त्यांची सगळ्या अंगाची गत झाली होती. जेवत होते, झोपत होते, कामावर जात होते. पोरीने एकदा तोंड उघडून भांडावं, हवं तर वाट्टेल ते बोलावं, एवढं मात्र त्यांना हवं होतं. बाकी कशात जीव नव्हता. आणि आपण होऊन विषय काढायचा म्हटला तर काय काढणार? मी तिकडे पाठ करून का उभा राहिलो, याचं उत्तर त्यांच्यापाशीच नव्हतं.

अशात तो सिनेमा आला. परग्रहावरचा मुलगा आणि इथली शाळकरी मुलगी, दोघांचं प्रेम, मध्ये यानं, वादळं आणि भरपूर निळा उजेड. दिग्दर्शक एकतीस वर्षांचा, नखं कुरतडून बोटं आखूड झालेला. प्रेक्षक तेरा ते एकोणीस वयाचेच हवेत अशी त्याची अट, आणि नेमकी ज्या शाळेने साठ मुलं कबूल केली होती तिची परीक्षा पुढे सरकली. कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं बोलवायची नाहीत हा कंपनीचा जुना नियम. पण अडला हरी, तेव्हा ऑफिसच्या मॅडमनी सगळ्यांना सांगितलं की घरात असतील नसतील तेवढी पोरं शनिवारी दुपारी घेऊन या. पाठमोरेंनी घरी जेवताना ताटाकडे बघत विचारलं. बिट्टी म्हणाली, येईन. पाठमोरेंनी त्यावर चटकन काहीतरी बोलायला हवं होतं, ते त्यांना रात्री अंथरुणावर सुचलं.

शनिवारी तीन वाजता एकशे त्रेचाळीस पोरं आत बसली. बिट्टीला क रांगेतली सातवी खुर्ची मिळाली, पाठमोरेंच्या स्टुलापासून जेमतेम पाच हातांवर. दिवे गेले, त्यांच्या पाठीमागे कुठलंतरी यान गडगडत उतरलं आणि काम सुरू झालं. पोरांचा प्रेक्षकवर्ग फार नाठाळ. म्हातारी माणसं कंटाळली तर झोपतात, पोरं कंटाळली तर शेजाऱ्याला कोपराने ढोसतात, आणि प्रेमाचं बोलणं सुरू झालं की लाजून फिदीफिदी हसतात, मग बिचारा दिग्दर्शक मागच्या रांगेत टोपी डोळ्यांवर ओढून घेतो. पहिल्या चुंबनाला पाठमोरेंनी सलग चार ह लिहिले. यानाच्या प्रत्येक उड्डाणाला फ. पण तासाभराने हसणं आटलं. पोरं पुढे सरकून बसली. कोणीतरी कोणाला तरी सोडून चाललं होतं, हे पाठमोरेंना मागून येणाऱ्या व्हायोलिनवरून आणि समोरच्या हनुवट्यांवरून कळलं.

क-सातचा चेहरा मात्र कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. ती हसली नाही, फोन काढला नाही, रडलीही नाही. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. पाठमोरेंना वाटलं, आपला लाल दिवा तिच्या डोळ्यांवर येत असेल. त्यांनी दिव्यावर तळहात धरला. ती तरी बघतच राहिली. पंधरा मिनिटांनी पाहिलं, तेच. अर्ध्या तासाने पाहिलं, तेच. शेवटी पाठमोरेंनी कामाला जागून तक्त्याच्या समासात लिहिलं, क-७, लक्ष नाही, कारण बहुधा दिवा. त्याच सुमारास सभागृहात एकतीस जणं रडत होती. त्यांनी एकतीस र लिहिले आणि आकडा चांगला आहे असं त्यांच्या मनात आलं.

सिनेमा संपल्यावर सगळ्यांना कार्डं वाटली, पेन्सिली वाटल्या, आणि वीस जणांना चर्चेसाठी थांबवलं. त्यांत क-सात होती, कारण मॅडमनी प्रत्येक रांगेतला सातवा निवडला होता. खुर्च्या गोल मांडल्या, पाठमोरे कोपऱ्यात लिहायला बसले. पोरांनी मतं दिली ती ऐकून दिग्दर्शकाने पुन्हा टोपी ओढली. एक म्हणाला, हिरो बरा आहे पण त्याचे कान चिकटवलेले वाटतात. एक मुलगी म्हणाली, प्रेम ठीक आहे, पण ही दोघं शाळेत जातात तर अभ्यास कधी करतात? दुसरा म्हणाला, प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्याला उशीर कसा होतो? तिसरीने मध्येच सांगितलं की ती रडली नाही, तिला सर्दी आहे. पाठमोरे भराभर लिहीत होते. मग मॅडम क-सातकडे वळल्या आणि विचारलं, तुला कसा वाटला?

"मी बघितला नाही," बिट्टी म्हणाली.

मॅडमना वाटलं पोरगी लाजते आहे. म्हणून त्यांनी गोड आवाजात विचारलं की मग दोन तास काय केलंस.

"बाबाकडे बघत होते. तो एकदा तरी मागे वळतो का ते बघायचं होतं."

"मग?"

"नाही वळला."

दोन-तीन पोरं हसली, कारण बाबा कोण ते त्यांना माहीत नव्हतं. मॅडमना माहीत होतं. त्यांनी पाठमोरेंकडे पाहिलं आणि लगेच पुढच्या मुलाला प्रश्न विचारला. पाठमोरेंचं डोकं खाली होतं. प्रत्येक मत जसंच्या तसं उतरवायचं हा नियम, आणि हात नियमाने चालत होता. त्यांनी लिहिलं, क-७, चित्रपट पाहिला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाक्य वाचलं. अक्षर नेहमीसारखंच आलं होतं, याची त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

घरी येताना दोघं बसमध्ये शेजारी बसले.

अहवाल सोमवारी सकाळी द्यायचा होता, म्हणून पाठमोरेंनी कार्डांचा गठ्ठा घरी आणला होता. रविवारी दहाच्या सुमारास ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्डं लावत बसले. आवडला इकडे, नाही आवडला तिकडे, आणि ज्यांनी नुसती यानाची चित्रं काढली होती ती तिसरीकडे. बिट्टी पाणी प्यायला आली. ग्लास भरला, प्यायली, विसळून पालथा घातला, तरी गेली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली.

"काय होतं त्यात?" तिने विचारलं.

सात महिन्यांत कामाचा नसलेला हा पहिला प्रश्न होता. पाठमोरेंनी हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"मला काय माहीत," ते म्हणाले. "मीही नाही बघितला."

बिट्टीच्या नाकातून हसण्यासारखं काहीतरी बाहेर आलं. तिने खुर्ची ओढली आणि अर्धा गठ्ठा आपल्याकडे घेतला. मग बापलेक, दोघांनीही न पाहिलेला सिनेमा, लोकांच्या मतांवरून जुळवत बसले. एका कार्डावर होतं, शेवट बदला. दुसऱ्यावर, शेवट बदलू नका, बदलाल तर बघा. एकाने लिहिलं होतं, तिने बटण दाबायला नको होतं. बिट्टी म्हणाली, म्हणजे बटण तिच्याकडे होतं. पाठमोरे म्हणाले, हा बघ, हा म्हणतो की मुलगा परत गेला की त्याला इथलं सगळं विसरावं लागतं. मग बटण कसलं? विसरायचं की जायचं? त्यावर चार कार्डं उलटसुलट बोलत होती. वादळ आधी की भांडण आधी, यावरून दोघांत थोडा वादही झाला, आणि वादात बिट्टी चक्क मोठ्याने बोलली. पाठमोरेंना सुख झालं म्हणावं तर तसं नाही. ऐकू मात्र सगळं नीट येत होतं, नळाचा थेंबसुद्धा.

तासाभरात सिनेमा जवळजवळ पुरा झाला. राहिला फक्त शेवट. बिट्टीने एक कार्ड उचललं, वय चौदा, अक्षर गिचमिड, आणि वाचून दाखवलं. शेवटी तो यानात झोपतो तेव्हा त्याचा चेहरा दाखवलाच नाही. मला तो एकदा बघायचा होता.

तिने कार्ड कुठल्या गठ्ठ्यात टाकायचं म्हणून बापाकडे पाहिलं. पाठमोरे तिच्याकडे बघत होते. बायकोचा दवाखान्यातला चेहरा त्यांना आठवत होता, त्याआधीचाही आठवत होता. त्या खोलीतला चेहरा त्यांच्यापाशी नव्हता. खोलीतले बाकी सगळे चेहरे होते.

"कशी दिसत होती?" त्यांनी विचारलं. "तिथे. शेवटी."

बिट्टीने कार्ड हातात तसंच धरलं.

"भांग उजवीकडे पाडला होता," ती म्हणाली.

"कोणी?"

"तिथल्या बाईंनी असेल. त्यांना काय माहीत, ती डावीकडे पाडायची. वेगळीच कोणीतरी वाटत होती. मी तुला हाक मारली, सांगायला. दोनदा."

पाठमोरेंना हाक आठवली नाही. त्यांनी तसं सांगितलं.

"तू ऐकलीस," बिट्टी म्हणाली. "तू ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलंस. थिएटरात बडबडणाऱ्यांना करतोस तसं."

ते आता आठवलं. बोट आठवलं, पहिल्या रांगेतून आलेला आवाज आठवला, आणि समोर लोक रडत असताना कोण मध्ये बोलतंय म्हणून आलेला रागही आठवला. पाठमोरेंनी टेबलाची कड धरली. गेले सात महिने जे सापडत नव्हतं ते कुठे होतं हे त्यांना कळलं, आणि ते फार दुखलं.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग मीच पुढे गेले आणि बदलला. फणी नव्हती, बोटानेच. केस गार लागत होते. एकदा पाडला, तो परत उजवीकडेच पडला. मग पुन्हा. तेवढ्यात ते लोक पेटीचं झाकण घेऊन आले."

"नीट झाला?"

"माहीत नाही. तूच सांगू शकला असतास."

पाठमोरे खुर्चीतून पुढे वाकले आणि टेबलावरच्या कार्डांवर त्यांनी डोकं टेकवलं. त्यांच्या डोक्यावर केस आता थोडेच उरले होते.

"कुठून पाडलास ते दाखव," ते म्हणाले.

बिट्टीने टेबलावरून हात लांब केला आणि बापाच्या विरळ केसांतून डावीकडे, कपाळापासून मागे, हळूच एक बोट ओढलं.

"इथून," ती म्हणाली. "थोडा वाकडा आला होता."