परग्रहवाल्याचा अंगठा

फरशीवाल्याचा अंगठा दुसऱ्यांदा उमटला नाही, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा गडी अंगठा घरीच विसरून आलाय.

"नीट पुसा बोटं."

पुसली. यंत्राचा लाल दिवा हटेना. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या, उमटणार काय, कपाळ?

"बुधवारी शेवटची संधी," कारकून म्हणाला. "तेव्हाही नाही उमटला तर इथे राहण्याचा परवाना रद्द. नाहीतर कामावरून पत्र आणा, की कामामुळे कातडी गेली. मग डोळ्यांच्या तपासणीवर भागवता येईल."

परवाना रद्द म्हणजे एकट्या फरशीवाल्याने गाशा गुंडाळायचा, एवढंच नव्हतं. बायकोचा आणि मुलीचा इकडे येण्याचा अर्ज त्याच परवान्यावर लटकला होता. मुलगी चार वर्षांची. बाप तिने अजून फोनमध्येच पाहिलेला.

आणि कातडी गेली कशाने? फरशीने नव्हे. वीस वर्षं फरश्या बसवल्या, अंगठा शाबूत होता. तो खाल्ला सिनेमाने. स्टुडिओत फरशी बसवायला गेलेला हा उंच, काटकुळा माणूस तिथल्या लोकांना परग्रहवाला म्हणून पसंत पडला. सिनेमात परग्रहवाले पोटासाठी दुसऱ्या ग्रहावर येतात, खाणीत मरमर राबतात, आणि सीमेच्या फाटकावर त्यांचा पंजा काचेवर उमटत नाही म्हणून हाकलले जातात. किती हृदयद्रावक! त्यासाठी दोनशे कामगारांच्या हातांवर रोज सकाळी रबरी पंजे गोंदाने चिकटवायचे आणि संध्याकाळी उग्र वासाच्या पाण्याने सोलून काढायचे. असे चाळीस दिवस झाले होते.

मंगळवारी सकाळी तो मॅनेजरकडे गेला. पत्राचं नाव निघताच मॅनेजरने हात वर केले. "असं लिहून दिलं म्हणजे आमच्या गोंदात खोट आहे हे कबूल केल्यासारखं होईल. वकील नाही म्हणतात."

मग तो दिग्दर्शकाकडे गेला. दिग्दर्शक कुणालातरी मुलाखत देत होता. "सीमेवर अडलेल्या या माणसांचं दुःख माझी झोप उडवतं," असं काहीसं चाललं होतं. फरशीवाल्याने ऐकून घेतलं, मुलाखत संपू दिली आणि मग आपली झोप कशाने उडाली ते सांगितलं.

"अरेरे," दिग्दर्शक म्हणाला. खरंच म्हणाला, हीच तर चीड आणणारी गोष्ट. "पत्राबित्राचं मॅनेजर बघतो, मला त्यातलं कळत नाही. पण हे जे तुला आत वाटतंय ना, ते दुपारच्या शॉटमध्ये वापर."

दुपारी उघड्यावरच्या सेटवर फाटक उभं राहिलं. परग्रहवाल्याचा मुखवटा चढवलेल्या फरशीवाल्याने पंजा काचेवर ठेवायचा, दिवा लाल झाला की गुडघे टेकून रडायचं. त्याने पंजा ठेवला. दिवा लाल झाला. आणि त्याला रडूच येईना. त्याने काचेवर दोन्ही मुठी आपटल्या आणि आपल्या भाषेत अशा काही शिव्या हासडल्या, की मागे उभे असलेले मुखवट्याआड चरकले.

"कट! अप्रतिम!" दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. "पुन्हा एकदा घेऊ. फक्त राग थोडा कमी कर. प्रेक्षकाला कीव यायला हवी."

कीव! फरशीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मुखवटा ओढून काढला आणि फाटकातच बसकण मारली.

"आधी पत्र. मग रडतो. म्हणाल तेवढं रडतो."

मॅनेजर धावत आला. "मुखवट्यात कोण आहे ते कुणाला दिसतंय? याच्या मापाचा दुसरा आणा!"

त्याच्या मापाचा एकच होता, त्याचा मेव्हणा. फरशीवाल्यानेच त्याला इथे चिकटवलं होतं आणि मान खाली घालून काम करायचं, उलट बोलायचं नाही, असं बजावलंही होतं. मेव्हणा रांगेतून पुढे आला. फरशीवाल्याने नजर वळवली. पोरगा आपल्या जागी उभा राहिला तर त्याला बोल कुठल्या तोंडाने लावणार?

मेव्हण्याची परवान्यासाठी अंगठा द्यायची तारीख पंधरा दिवसांवर होती. त्याने आपल्या अंगठ्यावरचं रबर दातांनी उचकटलं आणि अंगठा उन्हात धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मुखवटा काढून काखेत मारला.

"दाजी, सरका जरा," तो म्हणाला आणि शेजारी बसला.

मागच्या रांगेतला एक जण अंगठा निरखू लागला, मग त्याच्या बाजूचा. रबर सोलल्याचे आवाज येत राहिले. थोड्या वेळात दोनशे परग्रहवाले मुखवटे मांडीवर घेऊन ऐसपैस बसले होते, आणि एकाने तर चक्क बिडी पेटवली.

"उजेड चाललाय!" दिग्दर्शक ओरडला. "अरे, देऊन टाका ना त्याला काय हवं ते!"

मॅनेजरने चरफडत कागद काढला, मांडीवर ठेवला आणि पेनाचं टोपण दातांत धरलं.

"हं, बोल. नाव काय तुझं?"

चाळीस दिवसांत हे त्याला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. फरशीवाल्याने पार मागच्या रांगेकडे बोट केलं.

"त्या टोकापासून लिहायला घ्या," तो म्हणाला. "माझं सगळ्यात शेवटी."